सोसण्याचं माप

आमच्या अल्लीपूरकडे, म्हणजे हिंगणघाट तालुक्यातल्या काळ्या मातीच्या गावांत, दिवाळी उलटली की माणसं भेटल्याबरोबर एकमेकांना विचारतात, 'कसं काय, साल निघते का?' कापूस किती झाला, तुरीला शेंग धरली का, सोयाबीन कोणत्या भावानं गेलं, हे सगळं नंतर. आधी साल निघते का ते सांगा. उत्तरं तीन-चारच असतात. कोणी म्हणतो 'निघते', कोणी म्हणतो 'काढू कसंही', आणि कोणी नुसतंच 'पाहू' म्हणतो. 'पाहू' म्हणणाऱ्याजवळ विचारणारा जरा जास्त वेळ थांबतो. चहा सांगतो. कोणी शिकवलेलं नसतं, पण 'काढू' आणि 'पाहू' यांतलं अंतर त्याला कळलेलं असतं.

संकटात माणूस कसा तग धरतो हे मोजता येतं का, हा आजचा विषय आहे. मी बी.ए. झालेला, कवितेच्या नादातला माणूस. मानसशास्त्राचा किंवा अर्थशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. पण गेल्या दीडशे वर्षांत आमच्यासारख्या मुलखाला इतक्या लोकांनी, इतक्या वेगवेगळ्या मापांनी मोजलं आहे की त्या मापांचाच एक इतिहास झाला आहे. तो सांगण्यासारखा आहे. कारण माप कोणाच्या हातात होतं आणि त्यानं काय मोजलं, यावर कोणाच्या घरी मदत पोचली आणि कोणाच्या नाही, हे ठरत आलं.

सुरुवात एका साहेबापासून करू. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून काढून वर्धा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मध्यप्रांताची सूत्रं सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे होती. ते दिवस कापसाच्या तेजीचे होते. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि हिंगणघाटच्या कापसाचं नाव थेट लिव्हरपूलच्या बाजारापर्यंत गेलं होतं. टेंपल साहेब पुढे बंगालला गेले. १८७४ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणला, सढळ हातानं वाटला आणि माणसं वाचवली. त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळाली नाही. उधळेपणाचा ठपका मात्र बसला. तो ठपका त्यांनी मनाला फारच लावून घेतला असावा. कारण तीन वर्षांनी, १८७७ मध्ये, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतल्या दुष्काळावर देखरेख करायला त्यांना धाडलं, तेव्हा त्यांनी एक प्रयोग आरंभला. दुष्काळी कामावर दिवसभर खपणाऱ्या गड्याला जगायला कमीत कमी किती लागतं? त्यांनी ठरवलं, एक पौंड धान्य, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि वर एक आणा. बायकांना आणि पोरांना त्याहून थोडं कमी.

इतिहासात याला 'टेंपल वेज' म्हणतात. हा मजुरीचा दर होता हे खरंच, पण मला ते एक माप वाटतं. माणूस कुठवर ताणला तर तुटत नाही, याचं माप. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी जाहीर हरकत घेतली. राबणाऱ्या माणसाला किमान दीड पौंड धान्य आणि त्याच्याबरोबर भाजीपाला, डाळ लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे वाद अर्ध्या पौंडाचा होता! इकडे मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्या मजुरीवर काम करायला नकार दिला, टोपली-फावडी टाकून ते उठून गेले. उपाशी माणसांनी केलेला हा संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू उचलून धरली. पुढे मद्रास सरकारला शिधा वाढवावा लागला. ज्यांच्यावर प्रयोग चालला होता त्यांनीच माप नाकारलं, असं हे उदाहरण आहे, आणि ते शाळेच्या पुस्तकात यायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं.

त्या दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. प्रांतोप्रांती त्यावरून संहिता झाल्या. या संहितेत एक गोष्ट मोठी विचारपूर्वक लिहिलेली होती. दुष्काळ येतो आहे हे ओळखायचं कसं? तर लक्षणं पाहायची. धान्याचे भाव चढतात. सावकार हात आखडता घेतो, उधारी बंद होते. धान्याच्या व्यापाऱ्यांची अचानक धावपळ सुरू होते. दानधर्म आटतो. चोऱ्या वाढतात. आणि माणसं, जनावरं नेहमीपेक्षा जास्त संख्येनं वाटेला लागतात. अशी लक्षणं दिसली की थोडंसं काम काढून बघायचं. पोटापुरत्या मजुरीवर किती लोक खडी फोडायला येतात ते मोजायचं. पुष्कळ आले तर दुष्काळ खरा.

आता ही यादी नीट ऐका. घोड्यावर बसून गावाच्या शिवेवरून जाणाऱ्या माणसाला जे दिसेल, तेच तिच्यात आहे. घरातलं तिच्यात काही नाही. माणूस वाटेला लागतो तेव्हा दिसतो; पण वाटेला लागण्याआधी त्यानं काय काय करून पाहिलं, ते दिसत नाही. आणि खरी कहाणी तर तीच असते.

आमच्या घरी दादी ती कहाणी क्रमानं सांगायची. तिची भाषा अर्धी उर्दू, अर्धी वर्धेकडची, पण क्रम पक्का. पहिल्यांदा गव्हाची पोळी जाते, ज्वारीची भाकर राहते. मग भाकरीची भाकर राहत नाही, कण्या होतात. आणि कण्यांत पाणी वाढत जातं. पावसाळा असेल तर तरोट्याची भाजी रानातून फुकट येते, म्हणून रोज तीच. तेल आधी फोडणीपुरतं होतं, मग फोडणीलाही राहत नाही. मग हातउसनं. मग दुकानदाराची वही. मग चांदी, पायातलं आधी, हातातलं नंतर, गळ्यातलं सर्वांत शेवटी. मग शेळी. मग गाय. बैल नाही. बैल गेला की पुढच्या सालाचं वावरच गेलं, कारण वखर कोण ओढणार? दादी म्हणायची, 'बैल आखिर में, और बैल के बाद घर का ताला.'

दादी शाळेत गेली नव्हती. पण १९७५ मध्ये एन. एस. जोधा या अर्थशास्त्रज्ञांनी राजस्थानातल्या दुष्काळी गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जवळपास हेच आहे. शेतकरी कुटुंब संकटात आधी स्वतःचं पोट मारतं आणि उत्पादनाची साधनं शेवटपर्यंत वाचवतं. घरात काही शिल्लक आहे म्हणून ते साधन ठेवत नाही; पुढचं साल दिसत असतं म्हणून ठेवतं. मग सरकारी मदत कधी येते? लक्षणं दिसली की. आणि लक्षणं कधी दिसतात? ताला लागला की. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्यप्रांतावर कोसळले. दुसऱ्याला गुजरात-राजस्थानात 'छपनिया' म्हणतात. वर्धा जिल्ह्याची १८९१ ची शिरगणती चार लाखांच्या जरा वर होती. १९०१ ची तीन लाख पंच्याऐंशी हजार भरली. संहिता तेव्हाही होती.

स्वातंत्र्यानंतर माप बदललं का? आणेवारी राहिलीच. रुपयात सोळा आणे, तसं चांगलं पीक सोळा आणे. यंदाचं त्यातलं किती? पुढे आणे जाऊन पैसे आले, आणेवारीची पैसेवारी झाली, पण गावात अजून बोलतात आणेवारीच. पन्नास पैशांच्या आत असलं तर टंचाई. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशी तीनदा ती जाहीर होते आणि तिन्ही वेळा तहसीलीसमोर गर्दी होते. बारकाईनं पाहिलं तर आणेवारी पिकाला लागते, माणसाला लागत नाही. गावाची आणेवारी बावन्न आली म्हणून ज्याच्या वावरातून नाला गेला त्याला काय? २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ नियमावलीनं पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई असे नवे निर्देशांक आणले. घोड्यावरचा माणूस आता आकाशात गेला आहे, एवढाच फरक.

मधे एक गोष्ट मात्र महाराष्ट्रात वेगळी झाली. १९७२ चा दुष्काळ, लाल मिलो, सुकडी, खडी फोडणारी कुटुंबंच्या कुटुंबं, हे ज्येष्ठांना आठवत असेल. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. इंग्रजांची कसोटी अशी होती की जो पोटापुरत्या मजुरीवर राबायला येईल तो खरा गरजू. रोजगार हमीतही राबायला येणारालाच काम मिळतं. कसोटी तीच, पण इंग्रजांच्या संहितेत ती संशयातून आलेली होती, इथे ती हक्क झाली. आता माणूस स्वतः येऊन सांगतो की मला काम पाहिजे. मोजणाऱ्यानं ठरवण्याआधी तोच बोलतो. कायद्याची अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा आणि कडू विषय आहे, तिकडे आज जात नाही.

हे झालं पोटाचं. मनाचं काय?

मनाचं माप काढण्याचा खटाटोप अमेरिकेत सुरू झाला. १९६७ साली होम्स आणि राहे या दोघांनी त्रेचाळीस घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू शंभर गुण. घटस्फोट त्र्याहत्तर. लग्न पन्नास, म्हणजे आनंदाचाही ताण धरला होता. नाताळचा सण बारा गुण! वर्षभरात तुमच्यावर किती गुणांचं आयुष्य कोसळलं याची बेरीज करायची आणि आजारपणाचा अंदाज बांधायचा. पाऊस दडी मारतो ही घटना त्या यादीत नाही. त्यांच्या गावी पाऊस पडतो की नाही, याच्याशी पगाराचा संबंध नव्हता.

आपल्याकडे चंदीगडला गुरमीत सिंग आणि त्यांच्या दोन सहकारी बाईंनी १९८४ मध्ये ही यादी हिंदुस्थानी माणसासाठी नव्यानं बनवली. एकावन्न घटना. जोडीदाराचा मृत्यू पंच्याण्णव. मालमत्तेचं किंवा पिकाचं नुकसान एकसष्ट. मोठं कर्ज एकोणपन्नास, आणि मुलीचं किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या बहिणीचं लग्न, तेही एकोणपन्नास. अल्लीपुरात ही यादी वाचून दाखवली तर लोक शेवटच्या दोन आकड्यांवर हसतील. कर्ज आणि मुलीचं लग्न या दोन वेगळ्या घटना कधीपासून झाल्या?

पण बेरजेत एक मोठी खोट होती, आणि ती शास्त्रज्ञांच्याही लक्षात आली. एकाच गारपिटीत एकाच धुऱ्याच्या अलीकडचा शेतकरी खचतो आणि पलीकडचा उभा राहतो. गुण दोघांचे सारखे, मग फरक कशात? कॅलिफोर्नियात रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी प्रश्नच फिरवला. तुमच्यावर काय कोसळलं हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं, तुम्ही त्यावर काय केलंत? त्यांची पहिली प्रश्नावली १९८० ची. पुढे ती सहासष्ट विधानांची झाली. त्यांनी तग धरण्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या. एक, प्रश्नाला हात घालायचा. दुसरी, प्रश्नानं मनात जे उठतं त्याला आवरायचं. त्यांच्या अभ्यासात माणसं जवळजवळ प्रत्येक प्रसंगी दोन्ही तऱ्हा एकदम वापरताना आढळली. १९८९ मध्ये कार्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक मोजपट्टी बनवली, तिच्यात धर्माचा आधार घेणं हा स्वतंत्र गट आहे.

इथे जरा थांबतो, कारण हा गट वाचताना मला आमच्या घरातला 'सबर' हा शब्द आठवतो. सबर म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं पुष्कळांना वाटतं. माझे अब्बा सबर म्हणत आणि त्याच वेळी मोडलेल्या डवऱ्याचं फण ठोकून बसवत असत. मराठीत 'धीर' आहे, 'तग' आहे, 'निभावणं' आहे, 'सोसणं' आहे. धीर दुसऱ्याला देता येतो. तग स्वतःलाच धरावा लागतो. निभावण्यात चार माणसं लागतात. सोसणं एकट्याचं असतं, आणि बहुतेक वेळा ते बाईचं असतं. इंग्रजीतल्या एका 'कोपिंग'ला आपल्याकडे इतके शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. प्रश्नावली मराठीत आणणारानं यातला कोणता शब्द घेतला, यावर उत्तर बदलेल. गिरडच्या शेख फरीदबाबांच्या टेकडीवर जाणारी माणसं आमच्या जिल्ह्यात सर्व जातिधर्मांची आहेत. त्यांच्यापैकी कोण प्रश्नाला हात घालतो आहे आणि कोण मनाला आवरतो आहे, हे टेकडीखाली उभं राहून सांगता येणार नाही.

ही मापं विद्यापीठांत राहिली असती तर आपला त्यांच्याशी संबंध आला नसता. २००५-०६ मध्ये ती थेट आमच्या दारात आली. कापसाला भाव नाही, खर्च वाढलेला, सोसायटीचं कर्ज थकलं म्हणून सावकार, आणि गावोगाव शेतकऱ्यांच्या आत्महत्या. २००५ च्या अखेरीस वर्धा जिल्ह्यातल्या डोर्ली गावानं आपलं गावच विकायला काढलं. २००६ च्या जूनअखेर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, वर्धा जिल्ह्यात वायफडला त्यांनी शेतकऱ्यांची भेट घेतली आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्याच वर्षी या सहा जिल्ह्यांत सरकारनं घरोघर पाहणी केली. सतरा लाखांहून जास्त शेतकरी कुटुंबं त्यात होती आणि त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश अडचणीत असल्याचं निघालं. तीन लाखांहून अधिक घरांत मुलीच्या लग्नाचा घोर होता. ही नोंद सरकारी कागदावर यावी, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. १८८३ च्या संहितेत ती येणं शक्यच नव्हतं. घोडेस्वार पहिल्यांदा घोड्यावरून उतरून ओसरीवर बसला होता.

पण त्याच काळात दुसरं एक माप चालू होतं आणि ते दोनच शब्दांचं होतं: पात्र आणि अपात्र. माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांना एक लाखाची मदत द्यायची की नाही, हे समिती ठरवायची. जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहिलं जायचं. जमीन बापाच्या नावावर आणि राबणारा मुलगा. जमीन मक्त्यानं केलेली. कर्ज शेजारच्या दुकानदाराचं तोंडी. आमच्याकडच्या निम्म्या जगण्याचा असा कागदच नसतो. अपात्र ठरलेल्या घरातल्या बाईला ऐकू येत होतं ते असं, की तुझ्या नवऱ्याचं दुःख मापात बसलं नाही.

या सगळ्या धुमाळीत एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले सृजित मिश्र यांनी तो राज्य सरकारसाठी केला, २००६ च्या आरंभी तो सादर झाला. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतल्या आत्महत्या झालेल्या १११ कुटुंबांकडे ते गेले. एवढं तर सगळेच करत होते. पण ते आणखी १०६ अशा कुटुंबांकडेही गेले जिथे तसं काही घडलं नव्हतं. तोच मुलूख, तेच पीक, तीच हवा. उभं राहिलेल्या घराला कोणी तरी विचारलं, हे त्यातलं विशेष.

काय निघालं? गेलेल्यांच्या घरांत शेकडा ८७ ठिकाणी कर्जाचा ओझा होता, शेकडा ७४ ठिकाणी घराची आर्थिक पत खाली घसरलेली होती. पत घसरणं हे फक्त पैशाचं नसतं, हे खेड्यात राहिलेल्याला सांगावं लागत नाही. कारण एकच एक कुठेच नव्हतं, दोन-तीन-चार एकत्र गुंफलेली होती. आणि राहिलेल्या घरांशी तुलना केली तेव्हा फरक असे दिसले: गेलेल्यांच्या घरांवर थकलेलं कर्ज सरासरीनं जास्त, खाणारी तोंडं जास्त, पाणी-वीज यांसारख्या सोयी कमी, आणि दावणीला बैल कमी.

बैल! दादीच्या क्रमातला शेवटचा. मी तो निष्कर्ष वाचला तेव्हा पुन्हा वाचला. ज्या घरात बैल उरले होते त्या घराला साल काढायची सोय होती. स्वतःचं वावर वेळेवर वखरता येत होतं, दुसऱ्याचं भाड्यानं करून देता येत होतं, आणि अगदीच नड आली तर बाजार होता. बैलजोडी ही त्या घराची ताकद होती, ठेव होती आणि इभ्रतही होती. या तीन गोष्टी मोजायला तीन प्रश्नावल्या लागतील. गावानं दावणीकडे एक नजर टाकून त्या मोजल्या असत्या. अर्थात आज हे माप तसंच लावता येणार नाही. आता पुष्कळ वावरं भाड्याच्या ट्रॅक्टरनं होतात, पोळ्याला जोड्या कमी दिसतात. दावण रिकामी म्हणजे घर खचलं, असा अर्थ आता निघत नाही. आज त्या जागी काय बघायचं? बचत गटाचा हप्ता वेळेवर जातो का, सोनं गहाण आहे का, पोराचं कॉलेज मधेच सुटलं का? हे नव्यानं ठरवावं लागेल.

ते कसं ठरवायचं याची एक चांगली रीत आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी दाखवली. अमोल डोंगरे आणि प्रदीप देशमुख यांचा हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी खेड्यातल्या लोकांना तयार यादी दिली नाही. लोकांनाच विचारलं, तुमच्या मते शेतकरी या टोकाला का जातो? जे जे सांगितलं ते लिहून घेतलं. मग त्याच्या चिठ्ठ्या करून लोकांपुढे ठेवल्या आणि म्हटलं, ज्या चिठ्ठ्या एकत्र जातात असं तुम्हाला वाटतं त्यांचे ढीग करा. शास्त्रात याला ढीग पाडण्याची पद्धत म्हणतात. आमच्या बाया कापूस वेचून आणला की चांगला आणि कवडी वेगळा करतात, तसंच हे. कर्ज, व्यसन, निसर्गाची लहर, मालाला न मिळणारा भाव, घरच्या जबाबदाऱ्यांचा ताण, सरकारची बेपर्वाई, सिंचन नाही, लागवडीचा वाढलेला खर्च, सावकार. या चिठ्ठ्यांत मनाचं आणि बाजाराचं असं वेगळं कपाट नव्हतं. ते कपाट शहरातल्या वादांत होतं. एक बाजू म्हणे हा नैराश्याचा आजार आहे, दुसरी म्हणे हा धोरणाचा बळी आहे, आणि दोन्ही बाजू चिठ्ठ्या न पाहता भांडत होत्या.

पुढे मनाकडे लक्ष देणारी कामंही झाली. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बोलायचं, गरज वाटली तर समुपदेशकाकडे, त्यापुढे डॉक्टरकडे, अशी त्याची रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी शंभरात चार होते. दीड वर्षात ते सत्तावीस झाले. यात वापरलेली मोजपट्टी नऊ प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, कामात मन लागणं यांचं कसं होतं? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. २०१५ नंतर राज्य सरकारनं 'प्रेरणा' प्रकल्पातून विदर्भ-मराठवाड्यात आशाताईंना असंच घरोघर विचारायला लावलं. आता १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन करून आपल्या भाषेत बोलता येतं; २०२२ पासूनची ही सरकारी सोय आहे, आणि ती वापरायला गुण मोजून घ्यावे लागत नाहीत.

आशाताईंबद्दल एक सांगतो. कागदावरचा प्रश्न असतो, 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला निराश वाटलं का?' अशा प्रश्नाला आमच्याकडचा माणूस 'नाही' म्हणतो आणि विषय संपतो. गावातलीच बाई असली तर ती कागद मांडीवर ठेवून आधी विचारते, 'दादा, झोप लागते का हो?' झोपेवर माणूस बोलतो. झोप न लागण्यात लाज नाही.

शेवटी स्वयंपाकघरात येतो, कारण मला सगळ्यांत खरं वाटणारं माप तिथलं आहे. डॅनियल मॅक्सवेल या संशोधकानं आफ्रिकेत, युगांडाच्या कंपाला शहरात, गरीब घरांतल्या बायकांना विचारलं की धान्य आणि पैसा दोन्ही कमी पडले की तुम्ही काय करता? त्या उत्तरांतून १९९६ मध्ये एक निर्देशांक तयार झाला आणि पुढे जगभरच्या दुष्काळांत तो वापरला गेला. प्रत्येक उपायाला वजन दिलेलं असतं आणि ते वजन किती, हे बहुतेक ठिकाणी तिथल्याच बायकांना विचारून ठरवतात. त्याचं छोटं रूप पाच प्रश्नांचं आहे. नेहमीपेक्षा हलकं धान्य खाल्लं, वजन एक. उसनं आणलं किंवा नातलगांकडून मागून आणलं, वजन दोन. ताटातला घास कमी केला, एक. जेवणाची एक वेळ टाळली, एक. आणि पोरांना पुरावं म्हणून मोठी माणसं कमी जेवली, वजन तीन. पाचांत सर्वांत जड तेच.

गव्हाची पोळी गेली, कण्या आल्या, हातउसनं झालं: दादीचा क्रम कंपालाच्या बायकांनाही ठाऊक होता. फक्त दादी त्यात मोठ्या माणसांच्या घासाचं कधी सांगत नसे. तो क्रमात धरायचा असतो, हेच तिला वाटत नसावं. आमच्याकडे पाहणीला कोणी आलं की ओसरीवर घरचा पुरुष बसतो आणि उत्तरं देतो. बाई आत असते. तिला बाहेर बोलावून कोणी विचारलंच की 'काकू, तुमचं जेवण झालं?' तर उत्तर ठरलेलं असतं, 'झालं माझं.' म्हणून त्या प्रश्नावलीत जेवलात का असं विचारतच नाहीत. गेल्या सात दिवसांतले किती दिवस, असं विचारतात. आणि बाई बोटांवर मोजायला लागली की लिहिणारानं थांबायचं असतं.